मालकच घोड्याला छळत असेल तर: पागेत काय बघायचं, काय नोंदवायचं

मालक घोड्याच्या तोंडावर लगामाच्या वादीने सपासप मारताना दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. पुढे तक्रार करायची वेळ आली तरी तो तेवढंच सांगतो: "घोड्याला फार मारलं हो." खरं तर सगळ्यात लंगडा पुरावा तोच. मारणं मिनिटभरात संपतं, आणि मालकाकडे उत्तर तयार असतं. अंगावर आला, चावायला आला, लाथ मारली. घोडा काही बोलत नाही आणि पागेतली माणसं मालकाच्या पगारावर असतात.

घोड्याच्या अंगावर मात्र गेल्या सहा महिन्यांचा हिशेब असतो. तो वाचता आला तर पशुवैद्यालाही काम करता येतं आणि पोलिसालाही. म्हणून मारताना पाहिलंत तरी त्या माराच्या पलीकडे बघा: पाठ, तोंड, तंगाची (खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याची) जागा, खूर, पाण्याची बादली. माथेरान-महाबळेश्वरचं भाड्याचं तट्टू, लग्नातला पांढरा घोडा आणि शहराबाहेरच्या रायडिंग क्लबात ठेवलेला महागडा घोडा, तिघांनाही हे सारखंच लागू आहे. क्लबात फक्त भिंती रंगवलेल्या असतात.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. दिसलेलं सगळंच छळ नसतं, आणि चुकीची तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारीची किंमत घालवते. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो आराम करतोय, लंगडत नाही. पुढचा पाय पुढे टेकवून त्यावरचं वजन काढत असेल तर मात्र दुखतंय. डोळ्यांवर जाळी बांधली असेल तर ती माशांसाठी असते, घोड्याला तिच्यातून दिसतं. नालबंद तापवलेला नाल खुराला लावतो तेव्हा धूर निघतो, वास सुटतो, पण तिथे खूर आपल्या नखासारखा निर्जीव असतो. पशुवैद्य इंजेक्शन देताना वरच्या ओठाला दोरीचा फास लावून दोन-चार मिनिटं पिळतो, तोही उपचाराचा भाग. तोच फास मालकाने खोगीर घालताना रोज लावला तर प्रश्न वेगळा. म्हाताऱ्या घोड्याची पाठ खचलेली असते, त्यात कुणाचा दोष नाही.

आणि शिस्त? घोड्याला चूक आणि शिक्षा यांचा संबंध लावायला एक-दोन सेकंदच मिळतात. तेवढ्यात टाचेचा किंवा छडीचा एक इशारा त्याला कळतो. अर्ध्या तासापूर्वी तो अडथळ्यावरून गेला नाही म्हणून आता तबेल्यात बांधून झोडपलं, तर त्याला एवढंच कळतं की हा माणूस तबेल्यात आला की मार बसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियमही हेच धरून आहेत: राग काढायला चाबूक वापरायचा नाही, डोक्यावर कधीच मारायचं नाही, बाद झाल्यावर मारायचं नाही. तेव्हा किती फटके मारले याच्या आधी हे लिहून ठेवा: घोडा त्या वेळी काय करत होता, बांधलेला होता का, फटके कुठे बसले. बांधलेल्या घोड्याच्या तोंडावर मारलेला एकच फटका मोकळ्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, मारलेल्या तीन फटक्यांपेक्षा वाईट.

वळ शोधायचे तर त्याच दिवशी. घोड्याच्या केसांत वळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बाजूने पाहिलं की केसांची उभी रेघ विस्कटलेली दिसते, आणि तळहात केसांच्या उलट्या दिशेने फिरवला की सुजेची दोरी हाताला लागते. दुसऱ्या दिवशी ती बहुतेक उतरलेली असते.

पाठ

घोडेवाल्यांची भाषा इथे नेमकी आहे. "घोड्याची पाठ लागली" म्हणजे खोगिराने जखम केली. का लागते, ते समजून घ्यायला हवं. मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या मधोमध हाडाचा उंचवटा असतो. त्याच्यावर मांस जवळजवळ नसतं, कातडी आणि हाड. खोगिराची कमान तिथे टेकली की रक्तपुरवठा थांबतो. घोडा वाळलेला असेल तर उंचवटा आणखी वर येतो आणि गेल्या वर्षी बसणारं खोगीर यंदा हाडावर टेकतं. म्हणजे उपासमार आणि पाठ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वरून तरटाचे तुकडे नाहीतर जुनं ब्लँकेट कोंबलं, त्यात माथेरानच्या लाल धुळीची आणि घामाची पापडी जमली, की घोड्याच्या पाठीवर सॅण्डपेपर ठेवल्यासारखं होतं.

तपासायचं असं. स्वार बसलेला असताना समोरून खोगिराच्या कमानीखाली बघा. कमान आणि पाठ यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी जातील एवढी फट हवी, आणि कण्यावरून आरपार उजेड दिसायला हवा. १९६५ च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांच्या नियमांत याला स्वतंत्र नियमच आहे: खोगीर थेट उंचवट्यावर टेकता कामा नये, मध्ये पुरेशी जागा हवी. हा नियम फार थोड्यांना माहीत असतो, पोलिसांना तर नसतोच. तक्रारीत तो नमूद केला की वाचणारा सावरून बसतो.

खोगीर उतरल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच दोन कोरडे डाग असतील तर ते चांगलं लक्षण नव्हे. तिथे दाब इतका होता की घामच सुटला नाही. सूज मात्र लगेच दिसत नाही. खोगिराचा दाब निघाल्यावर रक्त परत येतं आणि वीस-तीस मिनिटांनी तिथे गरम गाठ उठते. म्हणून खोगीर काढल्या काढल्या काढलेला फोटो फसवा असतो. अर्ध्या तासाने काढा.

जुना हिशेब केसांत असतो. खोगिराची जखम खोल गेली की तिथले केस पुन्हा येतात ते पांढरे. काळ्या किंवा तपकिरी घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावर रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ते जन्मखूण नव्हेत. "हा असाच आहे" म्हणणाऱ्या मालकाला विचारायचं, दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर कसा काय असाच आहे?

तंगाची जागा पुढच्या पायाच्या कोपरामागे. तिथे कातडी सुरकुतून लाल झालेली किंवा घट्टा पडलेला दिसेल. दोन फेऱ्यांच्या मध्ये तंग दोन भोकं सैल करायला दहा सेकंद लागतात. गिऱ्हाईक पटकन मिळावं म्हणून दिवसभर तो आवळलेलाच ठेवतात. शेपटीखाली दुमचीची (खोगिरापासून शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याची) जखम असते. शेपटी उचलल्याशिवाय ती दिसत नाही, आणि शेपटी उचलायला तुम्ही जायचं नाही. दुखणारा घोडा लाथ मारतो. ते काम पशुवैद्याचं.

तोंड, पाय आणि "गरीब" घोडा

ओठांचे कोपरे बघा. गुलाबी चिरा म्हणजे ताजं, पांढरट जाड कातडी म्हणजे जुनं. लग्नाच्या घोड्यांच्या तोंडात आतून काटे असलेले लगाम असतात. १९६५ च्याच नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे. बाहेरून तो साधा दिसतो, म्हणून तो काढून भिंतीला टांगलेला असेल तेव्हाच फोटो घ्या: मधली पट्टी किंवा कड्या बोटभर अंतरावर टोकदार आहेत का ते दिसायला हवं. नाकाच्या हाडावर खड्डा पडला असेल तर मोरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) कित्येक महिने काढलेली नाही, किंवा शिंगरू असताना बांधली ती तशीच राहिली.

पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूला, खपल्या असतील तर त्याचा अर्थ बहुतेकांना लागत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज अर्धा-एक तास तरी आडवं व्हावं लागतं. दावणीचा दोर आखूड असेल, अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे बांधायचे दोर) इतकी ताणलेली असेल की बसताच येत नाही, किंवा फरशी कोरडी नसेल, तर तो झोपेत पुढे कोसळतो आणि घोटे फुटतात. खरारा करताना घोडा आखूड बांधणं ठीक. रात्रभर नाही.

खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटून नाल बदलावा लागतो. दगडी चढउतारावर नाल त्याहून लवकर झिजतो. खुराचं टोक चपलेसारखं पुढे गेलेलं, खिळ्यांची वळवलेली टोकं भिंतीतून वर आलेली, तळाच्या मऊ त्रिकोणातून कुजका वास, हे महिन्यांचं दुर्लक्ष आहे. लंगडणं ओळखायचं तर घोडा कडक जमिनीवर दुडकी चालवत सरळ जाताना बघा. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, चांगला टेकला की खाली जातं. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ बाजूने आणि पंधरा सेकंदांचा समोरून पुरतो. लंगड्या घोड्यावर गिऱ्हाईक बसवलेलं त्याच व्हिडिओत आलं तर निम्मं काम झालं.

स्वभावाबद्दल एक. मालक अभिमानाने सांगतो, "लई गरीब जनावर आहे." खरोखर गरीब घोडा माणूस आला की कान वळवतो, नाक पुढे करतो. कान बाजूला पडलेले, डोळ्यांवर सुरकुती, नाकपुड्या आवळलेल्या, भिंतीकडे तोंड, हात लावला तरी हालचाल नाही, असा घोडा गरीब नसतो. त्याने नाद सोडलेला असतो. मालक दारात आला की पुठ्ठा दाराकडे फिरवून कोपऱ्यात सरकणारा घोडा त्या मानाने बरा, त्याच्यात अजून धुगधुगी आहे. दुसरा कुणी आला तर तो तसं करतो का, हे पाहून लिहा. फरक असेल तर तोच पुरावा.

वाळलेला घोडा आणि रिकामी बादली

बरगड्या दिसल्या की लोक "उपाशी ठेवलाय" म्हणतात. हाताने बघावं. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर घोडा वाळलाय. हात सपाट ठेवून त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवल्यासारख्या लागल्या तर ठीक. पण वाळण्याची कारणं अनेक. दात वाढून टोकदार झाले की घोडा गवत चघळतो आणि गोळे करून टाकतो. गव्हाणीखाली असे गोळे आणि लिदीत अख्खे हरभरे दिसले तर दोष दातांचा. जंत असतात, म्हातारपण असतं. उपचार न करणं हाही दोषच, पण तो वेगळा दोष. तक्रारीत "वाळला आहे" एवढंच न लिहिता गव्हाणीत काय होतं ते लिहा.

अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे चार-पाच किलो सुका चारा किमान हवा. नुसती चंदी, म्हणजे दाणा, देऊन भागत नाही. कोंडा-हरभरा जास्त आणि चारा कमी झाला की पोटशूळ होतो, खुराच्या आत दाह होतो, आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. पाणी थंड हवेत, काम नसताना बारा-पंधरा लिटर. उन्हात काम असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली सकाळी भरून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही, तर मालक "पाणी ठेवलं होतं" म्हणू शकतो आणि घोडा तहानलेलाच असतो. बादलीला शेवाळ आहे का, तळाशी लीद आहे का, दोन वेगवेगळ्या वेळी पातळी काय होती. ही नोंद मारहाणीच्या व्हिडिओपेक्षा कोर्टात जास्त टिकते.

घोड्याजवळ जाता येत असेल आणि घोडा शांत असेल तर खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा, एक-दोन सेकंदांत बसायला हवी. हिरडी ओलसर गुलाबी असते. अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परततो. विश्रांतीत श्वास मिनिटाला आठ ते सोळा, कुशीची हालचाल पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची. लीद कोरडी, बारीक, चिकट पडदा चढलेली असेल तर पाणी कमी पडतंय. आणि गुडघ्यावर बसून घोड्याच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर मुताचा वायू साठलाय, उभ्या माणसाला तो जाणवत नाही.

ओझ्याचा हिशेब पर्यटकालाही करता येतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १३५ असेल तर साधारण २३९ किलो. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असावं, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. इथे ते ४८ किलो झालं. खोगीरच सहा-सात किलोचं. ऐंशी किलोचे काका या तट्टावर बसून फोटो काढतात तेव्हा दोष एकट्या घोडेवाल्याचा म्हणता येत नाही. १९६५ च्या नियमांत तट्टावर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही, हेही त्यातच.

नोंद कशी ठेवायची

मोबाइलवर न कापलेला, सलग व्हिडिओ. सुरुवात पागेच्या ओळखू येणाऱ्या भागापासून, मग घोडा पूर्ण, मग जखम. झूम करून नाही, जवळ जाऊन. जखमेशेजारी नाणं किंवा पेन धरा, आकार कळतो. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. पुढे कोर्टात लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मूळ फाइलवरच सोपं पडतं.

घोड्याची ओळख नीट लिहा, कारण तक्रार झाली की घोडा दुसऱ्या पागेत जातो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा उभा राहतो. रंग, कपाळावरचा टिळा किंवा पट्टा, कुठल्या पायात पांढरा मोजा, भोवरे कुठे. पंचकल्याणी असेल तर एका शब्दात काम झालं: चारही पाय आणि तोंड पांढरं. थंड हवेच्या ठिकाणी परवाना क्रमांक असतो, क्लबात घोड्याचा पासपोर्ट किंवा चिप.

चांगली नोंद अशी दिसते:

"दि. १२, सकाळी ७.४०. तिसरा ठाण, कुमेत (तांबूस तपकिरी) रंगाची घोडी, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा. खांद्याच्या उंचवट्यावर उजव्या बाजूला पाच रुपयांच्या नाण्याएवढी उघडी जखम, पिवळा स्राव. त्यावरच ८.०५ ला खोगीर घातलं. बादली रिकामी, तळ कोरडा. ११.३० ला पुन्हा पाहिलं, बादली तशीच. दि. १३, सकाळी ७.३०, जखमेवर हळद लावलेली, खोगीर ८.१० ला."

यात दोष देणारं एकही विशेषण नाही. "निर्दयी", "राक्षस" वगैरे शब्द तक्रारीतून काढून टाका, त्यांच्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं भांडण दुसरंच काहीतरी आहे. बऱ्याचदा असतंही.

कुणाकडे जायचं

घोडा खाली पडून उठत नाही, घामाने निथळत लोळतोय, पोटाकडे बघतोय, मोडलेल्या पायावर उभा आहे, तर नोंदवही बाजूला. १९६२ वर पशुसंवर्धन विभागाला आणि ११२ वर पोलिसांना फोन. उन्हाने कोसळलेल्या घोड्यावर थंड पाणी सतत ओतत राहायचं, थांबायचं नाही.

एरवी पहिला माणूस पागेचा व्यवस्थापक. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ नुसत्या मालकावर नाही, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकावर जबाबदारी टाकतं. क्लबात ठेवलेल्या घोड्याला मालकाने उपाशी ठेवलं तर व्यवस्थापकही त्यात येतो, हे त्याला शांतपणे, लेखी कळवा. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराला, मध्ये ओढू नका. त्याला सगळं माहीत असतं, आणि नोकरी जाते ती त्याची.

भाड्याच्या घोड्याचा मालक गरीब असेल तर आधी बोलून बघावं, तेही गिऱ्हाइकासमोर नाही. "मामा, याची पाठ लागलीय. चार दिवस खोगीर घालू नका, डॉक्टरांना मी बोलावतो." अशा वेळी निम्मे मालक ऐकतात. त्यांना जखम माहीत असते, पण सुट्टीच्या हंगामात चार दिवस घोडा बांधून ठेवणं परवडत नसतं. आणि रागाने मारत असलेल्या मालकाच्या हातात घोडा असताना मध्ये पडू नका. तुमच्यासमोर झालेल्या अपमानाचा हिशेब रात्री घोड्याकडून चुकता होतो.

कायद्याचं म्हणाल तर कलम ११(१) खाली मारणं, जास्त ओझं लादणं, जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला लावणं, पुरेसं खाणं-पाणी-निवारा न देणं हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. होय, १९६० चाच आकडा. शिवाय हे अदखलपात्र, म्हणून पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून कागद हातात देतात आणि लोक हताश होऊन परततात. इथेच चूक होते. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा कुठलाही पोलीस, गुन्हा झाल्याचं सकारण वाटलं तर, जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेऊ शकतो. मागणी दंडाची करायची नाही, तपासणीची करायची. अर्जात एकच ठळक वाक्य: कलम ३४ अन्वये पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी. तपासणीचा कागद झाला की कलम ३५ खाली दंडाधिकारी घोड्याला उपचारासाठी पांजरपोळात किंवा जनावरांच्या दवाखान्यात ठेवू शकतो, आणि त्याचा खर्च मालकाच्या अंगावर येतो. पन्नास रुपयांना न घाबरणारा मालक या खर्चाला घाबरतो. मालक दोषी ठरला आणि घोडा त्याच्याकडे राहिला तर पुन्हा छळ होईल असं दिसलं, तर कलम २९ खाली मालकी काढून घेण्याचाही अधिकार कोर्टाला आहे.

घोडा कायमचा निकामी झाला, डोळा गेला, पाय मोडला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघा: पाच वर्षांपर्यंत कैद. "माझाच घोडा आहे" एवढ्यानेच त्यात बचाव होत नाही.

आणि मुदत. १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हायला हवा. "आणखी थोडे पुरावे जमवू" म्हणत मे महिन्याच्या जखमा सप्टेंबरात घेऊन गेलात तर काही उपयोग नाही. चार-पाच दिवसांच्या दोन-तीन नोंदी पुरेशा असतात. अर्ज पोलीस ठाण्यात, प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेला, परवान्याचा घोडा असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयालाही. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करायला सांगितल्या, त्या प्रकरणात घोड्यांच्या तबेल्यांची अवस्था हाही मुद्दा होता. तबेल्याचे फोटो कुठे जातील सांगता येत नाही.

घोडा सुटला की

उपाशी घोडा ताब्यात आला की लोक प्रेमाने गूळ, हरभरा, पोळ्या घेऊन येतात. हे थांबवा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिठूळ, गोड खाणं दिलं तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि तीन-चार दिवसांत हृदय बंद पडून घोडा मरतो. उपाशी असताना जगलेला घोडा जेवून मरतो. पहिले तीन दिवस मोठ्या घोड्याला दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो सुका लसूणघास, रात्रीसुद्धा. तट्टाला त्या मानाने कमी, पशुवैद्य सांगेल तसं. दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं, मगच पोटभर. पाणी मोकळं, मिठाचा खडा बाजूला. जखमा असतील तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी, कारण घोड्याइतका धनुर्वाताला हळवा प्राणी क्वचित सापडतो. चंदीचा तोबरा (तोंडाला बांधायची पिशवी) दहा दिवस पांजरपोळाच्या कुलपात.